चाचणीआधीचं कुंकू

शलाकानं अनसूयाकाकूंच्या कपाळावर सकाळपासून आठव्यांदा कुंकू लावलं आणि यंत्र सुरू केलं.

‘काकू, तुमचे यजमान गेले,’ यंत्र हळुवारपणे म्हणालं. मागच्या सात वेळांसारखंच काकूंनी रडत कुंकू पुसलं.

यजमान ठणठणीत होते, डबा घेऊन बाहेर बसले होते. ‘तिचं रडणं इथवर येतं गं. अजून किती?’

‘शेवटची एक, काका. अशी बातमी सांगायला यंत्र शिकतंय. दर चाचणीआधी काकूंना काही आठवता कामा नये.’

आत येऊन शलाकानं नेहमीसारखी काकूंची गेल्या तासाची आठवण पुसली. पडद्यावर ‘तयारी पूर्ण’ उमटलं. ती करंडा घेऊन वाकली, तशी काकूंनी तिचा हात अडवला.

‘राहू दे गं. आता कुणासाठी?’