स्वयंपाकघरापर्यंतची वहिवाट

"झाडझाडोरा, दगडधोंडा आणि भिंतींत मुरलेल्या आवाजांसह घर विकले," नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने खरेदीखत वाचलं आणि वत्सलाबाईंचा सहीचा हात थबकला. भिंतींतले आवाज ऐकवणारं यंत्र निघाल्यापासून कायदाच तसा होता: आवाज घराबरोबर जायचे. आणि बाईंचे कैलासवासी नवरोबा स्वयंपाकघराच्या भिंतीत होते. यंत्र लावलं की अजून विचारत, "चहात साखर विसरलीस का गं?"

घर घेणाऱ्या नाझनीनने बाईंकडे पाहिलं. घर बघायला आली तेव्हा स्वयंपाकघरातला तो आवाज तिनेही ऐकला होता.

"भाऊसाहेब, काकूंना स्वयंपाकघरापर्यंत येण्याजाण्याची वहिवाट लिहा. कायमची. रोज चहाला येतील."

वत्सलाबाईंनी सही केली.

"येईन. पण चहा मीच करणार. नावं ठेवायला त्यांना माझ्याच हातचा लागतो."