सगळ्यांच्या डोळ्यात एकच खिडकी

"ही शिंपीणबाई आहे की दुकानातली बाहुली?" मावशीने मागून विचारलं.

ठिणगीने माऊस आपटला. मावशीच्या फोटो स्टुडिओतल्या स्क्रीनवर बाईंचा उजवा डोळा ताटाएवढा पसरला होता आणि त्यातलं बुबुळ काचेच्या गोटीसारखं बाहेर आलं होतं. सकाळपासूनची ही चौथी गोटी. उंच खुर्चीवरून लोंबकळणारे पाय ती रागारागाने हलवत होती. भाची मावशीचीच, आणि ठिणगी हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं.

"पाच वाजता बाई येणार," मावशी म्हणाली. "त्यांच्या दुकानाच्या पाटीवर लागणारय हा फोटो. डोळा जमला तर उद्यापासून ही खुर्ची तुझी. नाही जमला तर तुझ्या आईला दिलेला शब्द मी मोडणार नाही. सोमवारी शाळा."

"माहितीये. रोज रोज काय पाढा लावलाय?"

"पाढे सोडून पळालीस, म्हणून." मावशी वाकली, स्क्रीनवर बोट ठेवलं. "तू अख्खा गोल कापतेस. माणसाचं बुबुळ अख्खं दिसतं कधी? भुताचं दिसतं, नाहीतर घाबरलेल्याचं. वरचा भाग पापणीखाली असतो, तो सोड. आणि कड अशी सुरीने कापल्यासारखी नको. फेदर वाढव. ओल्या कपड्यावरचा डाग कसा कडेला विरत जातो, तशी विरू दे. मग उजळ. मग आतली सगळी घाण साफ कर आणि आपली चमक घाल."

'चमक' ही मावशीची फाईल. तिच्यात एकच पांढरा ठिपका. कुणाचाही डोळा मेल्यासारखा दिसला की तो ठिपका बुबुळात टाकायचा, डोळा बोलायला लागलाच म्हणून समजा.

मावशी पुढच्या खोलीत पासपोर्टचे फोटो कापायला गेली. ठिणगीने जीभ दातांत धरली आणि लासो, म्हणजे निवडीचा फास, बुबुळाच्या कडेकडेने फिरवत नेला. पापणीपाशी आल्यावर वळवला. कड विरली. बुबुळ हलकेच उजळलं, आणि चक्क गोटी झाली नाही.

"हात्तिच्या!" ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने चमकेची फाईल उघडली. ठिपका तो ठिपका, त्याला मोठं करून कोण बघतं? पण हिला कुठलं स्वस्थ बसवतंय. मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपक्याची खिडकी झाली. चार तावदानं, आणि खालच्या तावदानात काहीतरी काळं.

स्टुडिओला तर खिडकीच नव्हती.

टुणकन उडी मारून ती बाहेरच्या काचेच्या कपाटापाशी गेली आणि नाक टेकवून एकेक फोटो बघू लागली. नजर घारीची. मुख्याध्यापकांच्या डोळ्यात खिडकी. पैलवानाच्या डोळ्यात खिडकी. नवरीच्या दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांच्या कुत्र्यालासुद्धा मावशीने सोडलं नव्हतं.

"मावशे, अख्खं गाव एकाच खिडकीकडे बघतंय!"

"बघू दे. एकाची तक्रार नाही आजवर."

"पण खिडकी कुणाची?"

मावशीची कात्री थांबली. "माझ्या पहिल्या फोटोतली. तुझ्याएवढी होते तेव्हा. तुझ्या आजीच्या डोळ्यातून घेतली कापून."

"आणि खिडकीत उभं कोण आहे?"

"कुणी नाही. धूळ असेल."

"धुळीला दोन वेण्या असतात होय?"

"तोंडापेक्षा हात चालव. साडेचार वाजले."

ठिणगी परत खुर्चीवर चढली. बाईंच्या डोळ्यातली घाण काढायची राहिली होती. बुबुळाच्या वरच्या अंगाला एक पांढुरका चौकोन, मध्ये काळा डाग. तिने तो निवडला. डिलीटवर बोट ठेवलं. मग बोट उचललं आणि चौकोन मोठा केला.

ते दार होतं. स्टुडिओचं मागचं दार. सकाळी उजेडासाठी बाईंना तिथेच बसवलं होतं, दाराकडे तोंड करून. बाई दर वेळी नेमके डोळे मिटायच्या. आठव्यांदा मिटले तेव्हा ठिणगी भडकली होती. "आज्जी, आता मिटलेत ना, तर तुम्ही काढा फोटो, मी बसते स्टुलावर!" बाई खळखळून हसल्या होत्या आणि हिने तेवढ्यात बटण दाबलं होतं.

दारात एक काडी उभी होती. एक हात कॅमेऱ्यावर, दुसरा कमरेवर. कोपर हे एवढं बाहेर.

त्या कोपराकडे ती बराच वेळ बघत बसली. मग निवड सोडून दिली आणि चमकेची फाईल बंद केली.

पाचला दहा कमी असताना मावशी आली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कड बरी विरलीय." मग भुवई वर गेली. "आणि चमक?"

"नाही घातली. बाईंची त्यांच्याकडे आहे."

"मी काय सांगितलं होतं?"

"आधी मोठं करून बघ. मग ओरड."

मावशीने उभ्याउभ्याच माऊस हातात घेतला. डोळा मोठा झाला, बुबुळ मोठं झालं, चौकोन मोठा झाला. दार. काडी. कोपर. मावशीचा हात तिथेच राहिला.

"झाला का गं माझा फोटो?" बाहेरून शिंपीणबाईंची हाक आली.

"आले, आले," मावशी म्हणाली, पण गेली नाही. वाकून तिने खुर्चीखालचा दांडा ओढला. खुर्ची सुस्कारा टाकत खाली येऊ लागली. ठिणगीचे पाय जमिनीला टेकले, तेव्हा कुठे मावशीने दांडा सोडला.