तिसऱ्या डब्याची जागा

"हितं नगं. वर लाव," सिंधूबाई म्हणाल्या आणि आरिफनं जिन्याच्या भिंतीला टेकवलेला ड्रिल पुन्हा खाली घेतला.

खुटबावच्या त्या दुमजली बंगल्यात सकाळपासून हेच चाललं होतं. आरिफनं मेश वायफायचे, घरभर नेट पसरवणारे, तीन डबे बसवायला आणले होते. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघराजवळ, एवढं ठरलं. तिसऱ्यावरून मात्र घरात तट पडले. पोपटरावांना तो ओसरीवर, आल्यागेल्याला दिसेल असा हवा होता. सिंधूबाईंना तो माडीवर हवा होता, तोही त्यांच्या मुलाच्या, सत्यजीतच्या, दाराला लागूनच.

"काकू, जिन्यात लावला तर वर-खाली दोन्हीकडं नेट पुरंल. वर लावून निम्मं वाया जाईल."

"जाऊ दे वाया. पोराचं काम अडायला नगं."

"पुण्याची कंपनी आमच्या माडीवरनं चालतीय, आरिफ," पोपटराव मिशीला हात लावत म्हणाले. हे वाक्य त्यांनी सोसायटीच्या बैठकीपासून वरवंडच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. लेक गावात राहून नोकरी करतोय म्हटल्यावर बाप मिरवणारच.

जुना राऊटर माडीपर्यंत कसाबसा पोचायचा. मोबाईलची रेंज तर गच्चीत गेल्याशिवाय मिळत नसे. आरिफनं वाद सोडला. गिऱ्हाईकाच्या घरात गिऱ्हाईकच शहाणं. त्यानं जुन्या राऊटरची वायर काढून टाकली आणि तिसरा डबा घेऊन वर गेला.

खोलीचं दार बंद होतं. आतून सत्यजीतचा आवाज येत होता.

"येस सर. शुक्रवारपर्यंत करतो सर."

मीटिंग चालू असताना ड्रिल कसा चालवायचा, म्हणून आरिफ पायरीवर टेकला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. "हो सर, आवाज येतोय," सत्यजीत म्हणाला, आणि आरिफ चपापला. नेट तर त्यानं स्वतःच मघाशी बंद केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी शिरूरकडच्या कारखान्यानं आरिफलाही घरी बसवलं होतं. पंधरा दिवस तो रोज सकाळी जेवण बांधून घेऊन बाहेर पडायचा आणि दौंड स्टेशनच्या बाकावर बसून राहायचा. अम्मीला सांगायचा धीर झाला नव्हता.

त्यानं ड्रिल पिशवीत टाकला, चिकटपट्टीनं गुपचूप डबा लावला, नेट सुरू केलं आणि खाली आला. पोपटराव ओसरीत फोनवर कुणाला तरी नव्या वायफायचं कौतुक सांगत होते.

सिंधूबाई त्याला पोचवायला फाटकापर्यंत आल्या.

"समदं जोडलं का?"

"व्हय काकू. दादांचा लॅपटॉप बी जोडला. झकास चालतोय." बोलताना त्याला त्यांच्याकडं बघवेना.

सिंधूबाईंनी वळून ओसरीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "लॅपटॉप कंपनीनं दिवाळीतच परत नेला, बाबा. नोकरी गेली तवाच. ह्यांना सांगू नगंस, आन् मला ठावं हाय हे त्याला बी नगं."

आरिफची नजर माडीकडं गेली.

"गच्चीत उन्हात उभं राहून मुलाखती देतंय लेकरू. कुणी वर आलं की मधीच फोन ठेवतंय. आता नेटवरनं खोलीतच दार लावून बोलंल."