हौसाबाईंनी पदर पसरला

“आत्याबाई, मी विचारते, तुम्ही बाहेर बसा,” रेवती म्हणाली. पण हौसाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. दिवस भरत आलेल्या सुनेला बाकावर बसवून त्या एकट्याच हॉस्पिटलातल्या समाजसेविकेच्या खोलीत शिरल्या.

रेवतीचं रक्त एकदा वाहू लागलं की लवकर थांबत नसे. बाळंतपणात महागडी इंजेक्शनं लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशा रुग्णांचा खर्च उचलणारी एक संस्था होती, पण त्यासाठी आपली अडचण कुणापुढं तरी उघडी करावी लागणार होती. शेजारणीकडं कधी विरजणही न मागितलेल्या सासूबाई ते करतील, हे रेवतीच्या स्वप्नातही नव्हतं.

उघड्या दारातून आवाज आला. “बाई, आमची ऐपत संपली बघा. सून माझी हसरी हाय, घर भरून टाकती. तिला धडधाकट घरी न्यायचीय. मदत करा.” बोलता बोलता त्यांनी खरोखरच पदर पसरला. रेवतीला पुढचं बघवेना. तिनं मान खाली घातली.

संस्थेनं इंजेक्शनं दिली. मुलगी झाली, आणि रक्तही वेळेवर थांबलं.

दुसऱ्या दिवशी रेवती हळूच म्हणाली, “माझ्यापायी परक्यांपुढं हात पसरावा लागला तुम्हाला. केवढी लाज वाटली असेल!”

“वाटंल, असं मलाबी वाटलं हुतं,” नातीला तिच्या कुशीत देत हौसाबाई म्हणाल्या. “पर मनात भीतीच एवढी भरली हुती गं, लाजेला जागाच उरली न्हाई.”