परतीचा गुलाल

निपाणीच्या बाजारात राजमती आक्का गुलाल विकायची, सगळ्याच पक्षांना. मत मात्र दर निवडणुकीला माणूस बघून द्यायची. मतदानाच्या आधीच विजयाचा गुलाल न्यायला आलेला एका पक्षाचा कार्यकर्ता वृषभ भर दुकानात तिच्यावर खेकसला, "त्या पार्टीलाबी गुलाल देतीस? तुमच्यासारख्या दुतोंड्यांच्या मतांवर थुकतो आमी!"

गिऱ्हाईक बायका ऐकतच राहिल्या. आक्कानं पोती बांधून दिली.

निकालात वृषभचा उमेदवार थोडक्यात पडला. संध्याकाळी तो न उघडलेली पोती घेऊन दुकानात हजर. "आक्का, एवढं परत घे की गं."

आक्का दुकानात जमलेल्या त्याच गिऱ्हाईक बायकांकडं बघून हसली.



"इकलेला माल परत घेत न्हाय रं. तू थुकलास ती मतं तुमच्याच माणसाला द्यायची ठरलीवती. तेवढी घेतली आमी परत."