एका रेघेत

अठ्ठेचाळीस सालचं वादळ सरून चार दिवस झाले, तरी मथुरेच्या नवऱ्याची होडी पाचूबंदरला परतली नव्हती. गावानं आशा सोडली. मथुरा मात्र किनाऱ्यावरच्या बत्तीच्या, म्हणजे दीपगृहाच्या, पायऱ्या चढून थेट वर गेली.

"खडकांतून आत यायची वाट कुठली, दादा?"

बत्तीवाल्यानं समुद्राकडे हात केला. "ती बघा. पण एक शीड दिसत नाही, बाई. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका."

मथुरेनं समुद्राकडे पाठ फिरवली. त्याच्या हाताच्या बरोब्बर उलट, गावाच्या दिशेला, तिनं आपला हात ताठ धरला. खाली वाळूत तिचा सासरा उंच बांबू घेऊन उभा होता. बांबूच्या टोकाला तिचं लग्नातलं लाल लुगडं फडफडत होतं. तिच्या हाताकडे बघत म्हातारा एकेक पाऊल सरकत होता.

"हे काय चाललंय?"

"आमच्या दारचा माड नि तुमची बत्ती एका रेघेत धरून ते होरी आत घेतात. माड अंगनासकट वाहून गेला, ते त्यांना काय ठाऊक?"

बत्तीवाल्याचा हात नकळत खाली येऊ लागला.

"हात हालवू नका, दादा. बांबू अजून रोवला नाय."