एक शिक्षक जादा

मुलांचा पट घसरला आणि मेळघाटातल्या त्या शाळेत एकाच शिक्षकाचं पद उरलं. शिकवणारे मात्र दोघं होते, ढोले सर आणि त्यांची बायको कुंदा. कितीतरी वर्षं वेगवेगळ्या तालुक्यांत काढून ते आता कुठे एका शाळेत आले होते. नियमाने नोकरीत नवी असलेली जाणार, म्हणून कुंदाने आपली बॅग भरायला घेतली होती.

जादा शिक्षकांच्या समायोजनाच्या, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळा देण्याच्या दिवशी जिल्हा परिषदेत साहेबांनी तिचं नाव पुकारलं. ती उठायच्या आत ढोले सरच पुढे झाले. "साहेब, हिच्याऐवजी मला पाठवा. जिथे जागा असेल तिथे जातो."

परतीच्या एसटीत ती एकदम म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं!"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस," ते म्हणाले. "पहिलीची पोरं कोरकूच बोलतात. तुला ती येते. मला त्यांचं पोट दुखतंय की आईची आठवण येतेय, एवढंही कळत नाही. शाळेला तू लागतेस."

"आणि मला कोण लागतं?"



सोमवारी ढोले सर दूरच्या शाळेवर रुजू व्हायला निघून गेले. परिपाठ झाल्यावर पहिलीतल्या सुगंतीने कोरकूत विचारलं, "सर कुठे गेले?"

कुंदाने कोरकूतच उत्तर दिलं. मराठीत सांगायला गेली असती, तर तिला रडूच कोसळलं असतं.